तापीकाठचे दर्यावर्दी

खानदेशाच्या नकाशावर समुद्र कुठेच नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी तापी. जळगावच्या माणसाला समुद्र पाहायचा तर मुंबई नाहीतर सुरत गाठावी लागते. तरीही या मुलखाचं समुद्राशी नातं जुनं आहे. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या सगळ्या नद्या तापीला मिळतात आणि तापी सुरतेजवळ खंबातच्या आखातात शिरते. मोगलांच्या काळात सुरत हे हजला जाणाऱ्यांचं मोठं बंदर होतं. लोक त्याला बाबुल मक्का म्हणत, म्हणजे मक्केचा दरवाजा. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा व्यापारी रस्ता खानदेशातूनच जात असे. कापडाचे गठ्ठे आणि हजचे मुसाफिर एकाच वाटेनं चालत.

याच मुलखातून आम्ही सात मुलं १९६६ साली नौदलात गेलो. कुणाचे अब्बा गिरणीत कामाला, कुणाची केळीची बाग, कुणाचं भांड्यांचं दुकान. सातांपैकी कुणीही त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. नौदलात प्रत्येकाला नंबर असतो, पण आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो आणि आजही मारतो. म्हणून या लेखातही तीच नावं ठेवली आहेत: भुसावळवाला, सावदेकर, जळगाववाला, चोपडेकर, अमळनेरवाला, धुळेकर आणि सोनगीरवाला. त्यातले चार मुसलमान, तीन हिंदू. चोपडेकर आणि अमळनेरवाला आता या जगात नाहीत. उरलेले पाचही पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत.

या हिवाळ्यात आम्ही ठरवलं की फोनवर सलाम-नमस्कार पुरे झाले, एकदा प्रत्येकाच्या दारात जायचं. आम्ही म्हणजे भुसावळवाला आणि सावदेकर, दोघांच्या बायका, आणि गाडी चालवायला सावदेकरचा नातू. तीन दिवसांचा प्रवास, जळगाव ते धुळे आणि थोडं पुढे. म्हटलं तर जवळचा, पण आमच्या वयात हाही सफरच.

ज्या ठिकाणी आमची ओळख झाली ते आधी सांगायला हवं. आयएनएस शिवाजी हे नाव ऐकून घरच्यांना वाटलं होतं की पोरं जहाजावर गेली. प्रत्यक्षात ती लोणावळ्याच्या डोंगरातली संस्था. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झालेली, जहाजांची इंजिनं आणि बॉयलर चालवायला शिकवणारी. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवरच्या ठाण्यालाही जहाजाचंच नाव आणि जहाजाचीच भाषा. तिथं जमिनीला डेक म्हणायचं, स्वयंपाकघराला गॅली, आणि फाटकाबाहेर पडलेला माणूस किनाऱ्यावर गेला असं म्हणायचं. जळगावकडची मुलं कल्याणला गाडी बदलून लोणावळ्याला पोहोचली. धुळ्याकडची मुलं आधी चाळीसगावच्या फाट्यावरच्या छोट्या गाडीनं निघाली. लोणावळ्याचा पाऊस पाहून आम्ही गांगरलो. आमच्याकडे वर्षात पडतो त्याहून जास्त पाऊस तिथं एका महिन्यात पडायचा.

चार वर्षं आम्ही तिथं आर्टिफिसर, म्हणजे नौदलाचे कारागीर, होण्याचं शिक्षण घेतलं. आधी हातात कानस, मग लेथ, मग वाफेची यंत्रं. लोखंडाचा एक तुकडा कानशीनं घासून काटकोनात आणायला आठवडे जायचे. सोनगीरवाला तांबटाचा मुलगा, त्याचा तुकडा पहिल्याच दिवसांत उस्तादांच्या पसंतीला उतरला. रमजानमध्ये आम्हा चौघांची सहरी गॅलीत झाकून ठेवलेली असायची. ती झाकून ठेवायला लावणारा आणि वेळेवर आम्हाला हलवून उठवणारा सोनगीरवालाच. त्याला आम्ही आजही चेष्टेनं 'सहरीवाला' म्हणतो.

तिथल्या वयस्क मंडळींना १९४६ चं नाविकांचं बंड आठवत होतं. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या ठाण्यावर नाविकांनी संप सुरू केला, आणि पाहता पाहता सुमारे २० हजार नाविक त्यात उतरले. त्यांच्या समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. शाळेत आम्ही हे वाचलेलं नव्हतं. एका खाननं आणि एका सिंगनं एकत्र बसून नाविकांच्या मागण्या लिहिल्या, ही गोष्ट वर्कशॉपच्या पायरीवर बसून ऐकताना सगळं जग आमच्या मेससारखंच असेल असं वाटायचं.

आमचा पहिला मुक्काम जळगाव. मेहरूण तलावाच्या बाजूला जळगाववाल्याचं घर. दिवस बोरांचे होते. मेहरूणची बोरं सगळ्या जिल्ह्यात प्रसिद्ध. दारात टोपलीभर बोरं ठेवून भाभीजान वाट पाहत होत्या. त्यांनी पहिल्यांदाच बजावलं, "भाई, जरा जोर से बोलना. अब बिलकुल सुनाई नहीं देता."

जळगाववाल्याचे कान बॉयलररूमनं घेतले. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या खाली, चार चार तासांच्या पाळ्या. पंख्यांचा आणि वाफेचा आवाज इतका की शेजारच्याशी हाताच्या खुणांनी बोलायचं. कानात कापसाचे बोळे घालणं म्हणजे नाजूकपणा, अशी त्या काळची समजूत. नौदलातून सुटल्यावर तो भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रात लागला. तिथंही वाफ, तिथंही बॉयलर. ऐकू येणं हळूहळू गेलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. घरच्यांना वाटलं अब्बा घुम्मे झाले, कुणाशी बोलत नाहीत. सून नवीन होती, तिला वाटलं सासरे रागावलेत. शेवटी एका दिवशी नातवानं मागून हाक मारली आणि त्यांनी वळून पाहिलं नाही, तेव्हा उलगडा झाला.

आता घरात एक पाटी आहे, खडू आहे. भाभीजान पाटीवर उर्दूत लिहितात, नातू मराठीत लिहितो. आम्ही बसल्यावर मात्र पाटीची गरज पडली नाही. सावदेकरनं हात वर करून दोन बोटं फिरवली. बॉयलररूममधली जुनी खूण, 'पंखा वाढव'. जळगाववाला खळखळून हसला. त्यानंतर तासभर ते दोघे हातांनीच बोलत होते. भाभीजान म्हणाल्या, हे हसणं आम्ही वर्षभरानं ऐकतोय.

दुपारी भरीत. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं जळगावचं हिरवं वांगं, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे सावदेकर प्रत्येक जेवणात सांगतो. केळीची बाग आजही तोच पाहतो, त्यामुळे त्याला सांगायचा हक्क आहे.

जेवताना १९७१ चा विषय निघालाच. जळगाववाला तेव्हा विक्रांतवर होता. विक्रांतच्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना तडे गेले होते. ते वेल्डिंगनं सांधण्याजोगे नव्हते आणि बदली ड्रम देशात मिळत नव्हते. त्या अवस्थेत कमी दाबावर बॉयलर पेटवून जहाज बंगालच्या उपसागरात नेलं गेलं आणि ४ डिसेंबरपासून त्यावरच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. वर विमानं उडत होती, खाली तेवीस-चोवीस वर्षांची पोरं दाबाच्या काट्याकडे पाहत होती. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. लोणावळ्याच्या ओळखीची मुलं त्यात होती. बॉयलररूममधल्या माणसाला वर यायला सगळ्यात लांबची वाट असते. हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या विषयावर आम्ही नेहमीसारखेच थोडा वेळ गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांभोरीच्या पुलावरून गिरणा ओलांडली. पलीकडे विद्यापीठाच्या इमारती. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला आता बहिणाबाईंचं नाव आहे. पाळधीवरून धरणगाव, बालकवींचं जन्मगाव, आणि पुढे अमळनेर. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. इथंच १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. त्याचीच पुढे विप्रो झाली. त्या वेळी कारखान्याचे शेअर घेतलेली घराणी अमळनेरात आजही आहेत. अमळनेरवाला नेहमी म्हणायचा, "आमच्या अब्बांनी तेव्हा शेअर घेतले असते तर मी बॉयलर कशाला घासला असता?" गेल्या वर्षी त्याचा इंतकाल झाला. अल्लाह त्याची मगफिरत करो.

त्याच्या घरी आम्ही मुख्यतः भाभींना भेटायला गेलो होतो. जी गोष्ट आमच्या वाचक भगिनींनी नीट वाचावी अशी आमची विनंती आहे ती इथलीच.

अमळनेरवाला गेल्यावर कौटुंबिक पेन्शन सुरू व्हायला हवी होती. कागद पुढे गेले आणि अडकले. निकाहनाम्यात भाभींचं नाव एक होतं. लग्नानंतर नौदलाच्या नोंदीत अमळनेरवाल्यानं जे लिहवलं ते घरातलं हाक मारायचं नाव, पुढे 'बी' लावून. आधारकार्डावर तिसरंच, 'बी' गेलेलं आणि आडनाव आलेलं. जन्मतारीखही दोन ठिकाणी दोन. चाळीस-पन्नास वर्षं एकाच माणसाबरोबर संसार केलेल्या बाईला आपण त्याच माणसाची बायको आहोत हे सिद्ध करायची वेळ आली. त्यात इद्दतचे चार महिने दहा दिवस. त्या काळात त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवणार कशा? मुलगा आखातात, रजा संपवून परत गेलेला. घरात नवऱ्याच्या औषधांची उधारी राहिली होती. सहा महिने त्यांनी बांगड्या मोडून घर चालवलं आणि कुणाला कळू दिलं नाही.

हे सोनगीरवाल्याला कळलं ते योगायोगानं. तो ईदच्या मुबारकबादीसाठी फोन करायला चुकत नाही. फोनवर भाभींचा आवाज त्याला ठीक वाटला नाही. दुसऱ्या दिवशी तो एसटीनं अमळनेरला हजर. पडद्याच्या बाहेर ओसरीवर बसून त्यानं नातीच्या हातून एक एक कागद मागवून घेतला, वहीत टिपून घेतला. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, मग वकिलाकडे प्रतिज्ञापत्र, मग आम्हा दोघांच्या सह्या की ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत आणि आम्ही त्यांना लग्नापासून ओळखतो. भरपूर फेऱ्या झाल्या. अखेर पेन्शन सुरू झाली, मागची थकबाकीही मिळाली.

म्हणून वाचकहो, घरात कुणीही पेन्शनर असेल, सैन्यातला, रेल्वेतला किंवा शाळेतला, तर त्याच्या हयातीतच त्याच्याजवळचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, काढून पाहा. त्यावर बायकोचं नाव आणि जन्मतारीख आहे का ते पाहा. तेच नाव, त्याच अक्षरांत, आधारकार्डावर आणि बँकेच्या खात्यावर आहे का ते पाहा. शक्य असेल तर खातं दोघांच्या नावानं करा. फरक असेल तर आज अर्ज द्या. जिवंत माणसाच्या एका सहीनं जे काम होतं, त्याला त्याच्या मागं वर्ष जातं. आपल्याकडे बायकांची नावं माहेरी एक, सासरी एक आणि कागदावर एक असतात, म्हणून आपल्या घरांत हे जास्तच तपासायला हवं.

भाभी पडद्यामागून म्हणाल्या, "भाईजान, ते असताना मी एकदाही विचारलं नव्हतं की कागदात माझं नाव काय लिहिलंय. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं." आमच्या दोघांच्या बायका त्या संध्याकाळी गाडीत बराच वेळ गप्प होत्या. मग भुसावळवालीनं विचारलं, "आपल्या कागदात काय लिहिलंय?"

अमळनेरहून धुळ्याला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. पांझरेच्या पलीकडे देवपुरात धुळेकरचं घर. हा आमच्यातला सगळ्यात हुशार. परीक्षेत पहिला, वाफेचं गणित तोंडपाठ. चार वर्षांपासून त्याची आठवण जात चालली आहे. आधी चाव्या विसरला, मग घराची वाट, आता मुलांची नावं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात सुनेनं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड शिवून टाकलंय. दाराची कडी वरच्या बाजूला लावली आहे, रात्री उठून तो निघू नये म्हणून. पहाटे चारला उठतो आणि पाळीवर जायचं म्हणून बूट शोधतो.

सावदेकरनं खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कसा शेस भो?" धुळेकरनं आमच्याकडे पाहिलं, ओळखलं नाही, पण अदबीनं हसला. वहिनींचे डोळे भरले. मग भुसावळवाल्यानं एकदम कडक आवाजात विचारलं, जसं उस्ताद विचारायचे, "बॉयलर पेटवायचा आहे. काय करशील?"

धुळेकर ताठ बसला. "आधी गेज ग्लासात पाणी बघायचं. मग हवेचा कॉक उघडायचा. मग पंखा, भट्टीत साचलेला वायू बाहेर जाऊ द्यायचा. मग बर्नर. आग सगळ्यात शेवटी." थोडं थांबून म्हणाला, "पाणी न बघता आग लावली की माणूस मरतो."

एकही पायरी चुकली नाही. मुलाचं नाव गेलं आणि हे राहिलं. डॉक्टर सांगतात, हातानं वर्षानुवर्षं केलेलं काम आणि तरुणपणीच्या आठवणी अशा आजारात उशिरापर्यंत टिकतात. सुनेनं ते सगळं मोबाईलवर टिपून घेतलं. ती म्हणाली, "संध्याकाळी ते घाबरतात, ओरडतात. काय बोलावं ते आम्हाला सुचत नाही. आता हेच विचारीन." त्या मुलीचं वय तिशीचं असेल. शाळेत शिकवते, दोन मुलं आहेत, आणि सासऱ्यांना आंघोळ घालायला नवऱ्याला मदत करते. धुळेकरच्या हुशारीच्या गोष्टी आम्ही पन्नास वर्षं सांगत आलो. त्या रात्री आम्ही तिची गोष्ट ऐकली. निघताना आमच्या बायकांनी तिला सांगितलं, महिन्यातून चार दिवस आमच्यापैकी एक जोडपं इथं येऊन राहील, तू माहेरी जाऊन ये. वहिनी आधी नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "खरंच याल?"

तिसऱ्या दिवशी मुंबई-आग्रा रस्त्यानं सोनगीर. डोंगरावर किल्ला, खाली गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांचा ठोका. सोनगीरची भांडी खानदेशभर लग्नांत जातात. सोनगीरवाल्याच्या भावाचे नातू आजही हंडे-घागरी घडवतात, पण गिऱ्हाईक स्टीलकडे वळल्याला कैक वर्षं झाली. सोनगीरवाला स्वतः नौदलातून सुटून साखर कारखान्यांच्या बॉयलरवर काम करत राहिला. श्वास लागतो त्याला. त्या काळात जहाजातल्या पाइपांवर आणि बॉयलरवर अॅस्बेस्टॉसचं जाड आवरण असायचं. दुरुस्तीला ते हातांनी उकलायचं, पांढरी धूळ उडायची. ही धूळ फुफ्फुसात बसली की तिचा त्रास वीस-तीस-चाळीस वर्षांनी वर येतो, हे पुढे साऱ्या जगाला कळलं. चोपडेकर शेवटी श्वासानंच गेला. त्याला कशानं झालं ते आम्ही सांगू शकत नाही, पण ज्यांनी जुन्या गिरण्यांत, रेल्वे वर्कशॉपात, जहाजांवर असं काम केलंय त्यांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. डॉक्टर वय विचारतात, बिडी विचारतात. पन्नास वर्षांपूर्वीचं काम सहसा आपणच सांगावं लागतं.

सोनगीरवाल्याकडे एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. १९७० साली लोणावळा सोडताना त्यानं ती सुरू केली. त्यात आमच्या सगळ्या तुकडीची नावं, गावं, जहाजं, लग्नाच्या तारखा, मुलांची नावं. जो गेला त्याच्या नावापुढं तारीख. हिंदू असेल तर 'कैलासवासी', मुसलमान असेल तर 'मरहूम', ख्रिस्ती असेल तर छोटासा क्रूस. त्यातल्या एकाच्या नावापुढं लिहिलंय, 'अकबर जहाज'. तो कोकणातला मित्र नौदलातून सुटून हजच्या जहाजावर इंजिनात काम करायचा. मुंबई ते जिद्दा समुद्रमार्गे हज १९९५ पर्यंत चालू होता. चोपडेकरच्या अम्मी त्याच जहाजानं गेल्या होत्या आणि हा मित्र रोज पाळी संपवून डेकवर येऊन त्यांना विचारायचा, "अम्मी, चक्कर तो नहीं आ रही?" हेही वहीत लिहिलेलं आहे.

सोनगीरवाल्यानं वही पुढं सरकवली. म्हणाला, "आता अक्षर दिसत नाही आणि चालवतही नाही. कुणीतरी घ्या." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आम्हीही काही त्याच्याहून तरुण नाही. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सावदेकरची बायको म्हणाली, "तुम्ही सगळे मित्रांची नावं लिहीत आलात. आमची नावं आहेत का यात?"

वही उघडून पाहिली. लग्नाची तारीख होती, मुलांची नावं होती. बायकांची नावं बहुतेक ठिकाणी नव्हतीच. 'सौ.' आणि 'भाभी' एवढंच.

त्या दुपारी आम्ही तापीकाठी थाळनेरला गेलो. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. मलिक राजानं चौदाव्या शतकाच्या शेवटी इथून राज्य केलं. फारुकी राजांच्या 'खान' या किताबावरूनच या मुलखाला खानदेश नाव पडलं असं बरेच जण मानतात. त्यांचे मकबरे आजही उभे आहेत, दगडात कोरीव नक्षी, आत कबरींवर धूळ. आम्ही फातिहा पढलो. सोनगीरवाला आणि सावदेकर हात जोडून बाजूला उभे राहिले. मग त्याच ठिकाणी आमच्या तुकडीतल्या गेलेल्या सगळ्यांसाठी दुआ मागितली, मरहूम आणि कैलासवासी दोघांसाठी.

बाहेर ओट्यावर बसून चौघांनी मिळून नवीन वही सुरू केली. लिहायला सावदेकरचा नातू बसला. पहिल्या पानावर पाच हयात आणि दोन मरहूम मित्रांच्या बायकांची पूर्ण नावं, आधारवर आहेत तशी. त्यापुढं पीपीओवर काय आहे ते, त्यापुढं फोन, शेवटी मुलाचा किंवा सुनेचा फोन. दुसऱ्या पानावर धुळेकरच्या घरी राहायला जाण्याचे दिवस: फेब्रुवारीत भुसावळ, मार्चमध्ये सावदा, एप्रिलमध्ये जळगाव. तिसऱ्या पानावर हयातीच्या दाखल्याची तारीख. त्या दिवशी ज्याला चालवत नाही त्याच्या घरी मोबाईल घेऊन नातवंडांपैकी एकानं जायचं.

वही भुसावळवालीकडे राहील असं ठरलं. तिनं ती पदरात गुंडाळली आणि नातवाला म्हणाली, "अमळनेरच्या भाभींना आधी फोन लाव. त्यांचं नाव मला त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचंय."